काळ्या मातीवरचा कोबा

जमीन कधी आपली जागा सोडत नाही. माणसं येतात आणि जातात, राज्यं बदलतात, पण पायाखालची भुई जिथल्या तिथे राहते, आणि तिच्या भरवशावरच माणूस घर बांधण्याचं धाडस करतो. हे मी आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं आणि टाळ्याही वाजवल्या. पाहुणे कोकणातले होते. आमच्या वाशिम जिल्ह्यात जमीन दरसाल जागा सोडते. पावसाळ्यात फुगून वर येते, उन्हाळ्यात आकसून खाली बसते, आणि मधल्या काळात तिला अशा भेगा पडतात की हातातून निसटलेली किल्ली परत मिळत नाही.

प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यावर मी अकोल्याची खोली सोडून आईजवळ राहायला आले. आमचं गाव रिसोडच्या रस्त्याला आहे. आईनं तेव्हा ऐंशी ओलांडली होती. घर चांगलं होतं, पत्रे गळत नव्हते. अडचण होती ती मागच्या अंगणाची. संडास आणि न्हाणी अंगणाच्या पार टोकाला होती, कारण वडिलांच्या मते देवघर ज्या छपराखाली आहे त्याच छपराखाली संडास असणं हा अधर्म होता. आईचं मतही तेच होतं. वडील गेल्यावर ते अधिकच पक्कं झालं.

घरापासून संडासापर्यंत चिखल तुडवावा लागू नये म्हणून वडिलांनी अंगणात काँक्रीटचा कोबा करून घेतला होता. त्याआधी अंगण भरून उंच करायचं होतं. शेजारच्या मळ्यात भाजीपाला करणारे काका तेव्हा त्यांना म्हणाले होते, "भाऊ, भर मुरमाची टाका. काळी माती पानी पेते अन् फुगते."

"मुरमात काय पिकते?" वडील म्हणाले. "माह्या अंगनात माह्याच वावराची माती पडन."

आणि त्यांनी नदीकाठच्या आमच्या सगळ्यात कसदार तुकड्यातली माती ट्रॉलीनं आणून ओतली. तिच्यात कापूस छातीएवढा यायचा. मग तिच्यात काहीही उगवू नये म्हणून तिच्यावर काँक्रीट टाकलं. आमच्याकडची पुष्कळ घरं अशीच उभी आहेत. विकतचा दगडगोटा पायाखाली घालणं हे शेतवाल्या माणसाला कमीपणाचं वाटतं. त्या दिवशी नारळ फुटला. एक पुढारी रस्त्यानं जात होते, त्यांना बोलावलं गेलं, आणि ते विकासावर बोलले. काँक्रीट ओलं असल्यामुळे कडेला उभं राहून बोलले.

मी राहायला आले तेव्हा संडासाच्या दारापुढचा कोब्याचा मोठा चौकोन एका बाजूनं वीतभर खचलेला होता. खालची माती आकसून पोकळी झाली होती. त्यावर काठी आपटली की रिकाम्या डब्यासारखा आवाज यायचा. चैत्रात आई त्या काठाला अडखळून पडली. हाड मोडलं नाही, गुडघा सोलवटला. मी दर वेळी हात धरून न्यायला लागले, तर दुसऱ्याच दिवशी तिनं माझा हात झटकला.

"सोड व. लहान लेकरू हाव का मी?"

"पडशील."

"पडन तं पडन. दिवसभर तूच खाऊ घालत, तूच आंघोळ घालत, तूच गोळ्या देत. तेवढं तरी माह्यं मले करू दे."

एकटीनं संडासाला जाऊन येणं एवढंच तिच्या हातात उरलं होतं. त्यासाठी ती कोब्याच्या उतारावरून भिंत धरत जायची आणि परत आली की जिंकून आल्यासारखी बाजेवर बसायची. मी खिडकीतून बघत असे. मी बघते हे तिला माहीत होतं, पण तिनं ते चालवून घेतलं होतं.

काकांचं म्हणणं पडलं की सगळं फोडून टाका, माती उपसा, मुरूम भरा, नवा कोबा करा. म्हणणं बरोबर होतं. पण फोडणं, भरणं, दुर्मुसानं ठोकणं, मग नव्या काँक्रीटवर पाणी मारत बसणं, इतके दिवस आईनं जायचं कुठे? पुण्याच्या भावानं बोलावलं. त्याच्याकडे प्रत्येक खोलीला जोडून संडास आहे. आई म्हणाली, तिथे जेवण जात नाही.

म्हणून फोडण्याऐवजी दुरुस्ती ठरली. अनसिंगचा एक मिस्त्री आला. त्यानं चौकोनाभोवती चालत एक फेरी घातली. डॉक्टर रोग्याच्या खाटेभोवती घालतात तशी.

"म्याडम, फोडाची गरजच नाही," तो म्हणाला. "तुमच्या कोब्याले काहीच झालं नाही. खालची माती बसली. आपन त्याले उचलून देऊ."

"आणि पावसात माती फुगली तर?"

"फुगू द्या. आता खाली जागाच कुठी ठेवून राह्यलो मी?"

सगळा घोटाळा या उत्तरातच होता. पण ते इतक्या ठामपणे आलं की मला ते आश्वासन वाटलं. आयुष्यभर वर्गात मीही याच सुरात बोलत आले होते, त्यामुळे या सुरावर किती विश्वास ठेवायचा ते मला कळायला हवं होतं.

वैशाखात काम झालं. मिस्त्रीनं कडेला खड्डा खणून ट्रकचा जॅक लाकडी ओंडक्यावर बसवला. जॅकला हळद-कुंकू वाहिलं. आईनं तेवढ्यासाठी देवघरातला करंडा दिला. मग तो दांडा हलवत गेला आणि अख्खा चौकोन कुरकुरत, इंचाइंचानं वर आला. खालच्या पोकळीत गिट्टी आणि मुरूम कोंबला, वरून भोक पाडून सिमेंटचा पातळ घोळ ओतला, तो पार कडेनं बाहेर येईपर्यंत. शेवटी पाणी भरलेली नळी धरून त्यानं दोन्ही टोकं एका पातळीत आणली आणि आमच्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा टाळ्या वाजवाव्या लागणार असं वाटलं.

आई दारातून सगळं बघत होती. "झालं का रे बाप्पा?" तिनं विचारलं.

"चाला माय आता. डोळे मिटून चाला."

ती डोळे उघडे ठेवून चालली. भिंत न धरता गेली आणि भिंत न धरता आली. त्या उन्हाळ्यात मी खिडकीत उभं राहणं सोडलं. पुष्कळ दिवसांनी सकाळचं वर्तमानपत्र सलग वाचायला मिळू लागलं.

मृग गेला, आर्द्रा बरसल्या, आणि माती प्यायला लागली. अंगणातल्या भेगा मिटल्या. खालची माती फुगली, आणि तिला शिरायला पोकळी उरलेली नव्हती. तेव्हा ती वर निघाली, चौकोन डोक्यावर घेऊन. हे हळूहळू होत होतं. आम्हाला कोणालाच दिसलं नाही.

संडासाचं पत्र्याचं दार बाहेर उघडायचं. एका सकाळी पाऊस चालू असताना आई छत्री घेऊन गेली. दार चार बोटं उघडलं आणि वर आलेल्या कोब्याला अडकलं. तिनं छत्री टाकून दोन्ही हातांनी ओढलं. मला तिनं हाक मारली नाही. पत्र्याचा आवाज ऐकून मी गेले, तेव्हा ती दाराला धरून उभी होती आणि उशीर झाला होता. तिचं लुगडं पावसानं तसंही भिजलेलं होतं. आम्ही दोघी ते सगळं पावसाचंच आहे असं धरून चाललो.

"उघडलं नाही," एवढंच ती म्हणाली. मी तिला आत आणलं.

काका कुंपणावरून कोबा बघून गेले. "भाऊ असते तं खुश झाले असते," ते म्हणाले. "म्हनले असते, पाहा, माह्या वावराची माती अजून किती जोरात हाय."

मी हसले. नंतर न्हाणीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

मिस्त्री आला. त्यानं दाराचा खालचा पत्रा कापून दिला आणि माती बेइमान असते असं सांगून गेला. मी आईला म्हटलं, "दार आता बोटानं उघडतं."

"उघडत असन," ती म्हणाली.

ती पुन्हा तिकडे गेली नाही. मी आग्रह केला, रागावले, हात धरणार नाही असं वचन दिलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जे तिनं जन्मभर छपराखाली येऊ दिलं नव्हतं ते आता भांड्याच्या रूपानं देवघराच्या शेजारच्या खोलीत आलं. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. देवाला दिवा लावायचंही तिनं माझ्याकडे दिलं. मी कारण विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

दिवाळी गेली, माती वाळली, आणि चौकोन खाली आला. मी लेव्हल पट्टी ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मधोमध. फाल्गुनापर्यंत तो तसाच सपाट राहील, असं मिस्त्रीनं फोनवर अभिमानानं सांगितलं.

आईसाठी रिसोडहून भांडं बसवलेली खुर्ची आणली आहे. खुर्चीच्या पाठीवर एक कागद चिकटवलेला आहे: खुर्ची फक्त सपाट जमिनीवरच ठेवावी. खोलीतली फरशी तशी नाही, म्हणून एका पायाखाली पुठ्ठा घातला आहे.