मोटर मी चालू केली : जर्मनी ते गंगापूर, एका कबुलीचा प्रवास

परदेशात राहून गावाकडे शेती करायची असेल, तर तीन गोष्टी लागतात: एक फोन, एक कॅमेरा आणि आपल्याला सगळं कळतं असा ठाम विश्वास. माझ्याकडे तिन्ही होत्या. त्यामुळेच या मार्चमध्ये मला सुट्टी काढून, सामन्यांचे दोन रविवार बुडवून छत्रपती संभाजीनगरला जावं लागलं. ज्यांना अशी शेती करायची स्वप्नं पडतात, त्यांनी हे जरूर वाचावं. वाचून स्वप्नं पडायची थांबली तर माझं श्रेय.

आधी गुन्हा सांगतो. मी जर्मनीतल्या एका छोट्या गावात चौदा वर्षं राहतोय. नोकरी यंत्रांची, जीव फुटबॉलचा. आमच्या गावचा क्लब इतक्या खालच्या लीगमध्ये खेळतो, की त्याखाली बहुधा फक्त शाळेची पोरं खेळतात. पण मी त्या क्लबचा मैदानप्रमुख आहे. म्हणजे गवतावर पाणी मारणारा. गवत पिवळं पडलं की नळ सोडायचा, एवढीच माझी कृषिविद्या. आणि तेवढ्या विद्येवर मी गंगापूरच्या पुढे गोदावरीच्या बाजूला असलेल्या आमच्या चार एकर मोसंबीचा मालक आहे. वडिलांनी निवृत्तीनंतर ती जमीन घेतली, ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. बाग खऱ्या अर्थानं सांभाळतात लक्ष्मणतात्या. घरची मेंढरं सोडून ते वडिलांच्या वेळी बागेत आले, ते आजतागायत.

आता मोसंबीचं असं असतं, की फुलं यायला हवी असतील तर झाडाला महिना-दीड महिना पाणीच द्यायचं नाही. याला ताण म्हणतात. पानं पिवळी पडतात, गळतात, बाग मेल्यासारखी दिसते. मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की झाड फुलांनी लगडतं. तो नेमका दिवस ओळखणं हीच खरी कला, आणि त्यात तात्यांचा हात धरणारा आसपासच्या चार गावांत कोणी नव्हता. ते पान तळहातावर दुमडून बघत, मुळाशी मूठभर माती उकरत आणि सांगत. लोक त्यांना गाडीवर बसवून आपापल्या बागेत न्यायचे.

डिसेंबरात एका रविवारी आमच्या राखीव संघाचा सामना होता. हाफ-टाइमला मी खिशातून फोन काढून बागेचा कॅमेरा उघडला. सगळी झाडं पिवळी! माझ्यातला मैदानप्रमुख जागा झाला. मोटरच्या पेटीत मीच हौसेनं बसवलेलं मोबाईल स्टार्टर होतं. मी बटण दाबलं, अभिमानानं फोन खिशात टाकला आणि दुसरा हाफ बघायला गेलो. तिकडे लाइट जाईपर्यंत दोन तास ठिबक चालू राहिलं. तात्या त्या दिवशी लेकीच्या गावी गेले होते.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन आला. "दादा, ताण तुटला. मोटरीचा ऑटो माझ्याकडूनच चालू ऱ्हायला वाटतं. लाइट आली अन् सुटलं पाणी."

ऑटो म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारं बटण. मला तत्क्षणी कळलं काय झालं ते. आणि मी काय म्हणालो? "असू द्या तात्या, होतं माणसाकडून."

मी त्यांना क्षमा केली! इतकं मोठं मन घेऊन मी जर्मनीच्या थंडीत कसा मावत होतो, देव जाणे.

पुढं झाडांनी फुलांऐवजी पालवी फोडली आणि बाग हिरवीगार, बिनफळाची उभी राहिली. फेब्रुवारीत ताईचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. ती संभाजीनगरला सिडकोत राहते, शाळेत शिकवते. म्हणाली, "तात्यांना आता कोणी बागेत बोलवत नाही. म्हातारा स्वतःचा ताण राखू शकला नाही, म्हणतात." मी तिला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "हे फोनवर नाही मिटायचं. ये." मी तिकीट काढलं.

दिवस पहिला, दुसरा. फ्रँकफर्टहून मुंबई, मुंबईहून दुपारची रेल्वे. खिडकीची जागा घ्या, मनमाडनंतर बघण्यासारखं फार नाही. पण निदान माणसांकडे बघणं टळतं. स्टेशनवरून सिडकोला रिक्षावाला जो आकडा सांगेल त्याच्या निम्म्यावर या. मला ते जमलं नाही. "कहाँ से आए?" या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांसाठी भेट घ्यायला शहागंजच्या बाजारात गेलो. माफी रिकाम्या हातानं मागणं बरं दिसत नाही, असा मी स्वतःचा समज करून घेतला होता. सकाळी अकराच्या आत गेलात तर चालायला जागा मिळते. नंतर गर्दीच तुम्हाला हवं तिथं नेते. नान-खलिया खाल्ला, दीडशे रुपयांत पोट भरून घाम फुटतो. मग हिमरू शालीच्या दुकानात शिरलो. दुकानदार चाचांनी विचारलं, "किसकू देना है?"

"जिनसे माफी माँगनी है."

"तो फिर महँगीवाली लेव ना, मियाँ," असं म्हणत त्यांनी वरच्या फळीवरचा गठ्ठा काढला. मी महागातली घेतली. घरी ताईनं शाल उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "सत्कार करतोयस का तात्यांचा?"

दिवस तिसरा. या दिवशी गंगापूरला जायचं होतं, म्हणून मी वेरूळला गेलो. ज्याला गावात तोंड दाखवायचं नसतं त्याला अचानक लेण्यांची ओढ लागते. जेमतेम तासाभराचा रस्ता, एसटी बऱ्या, दौलताबादचा घाट सुंदर. पोचलो तर दाराला कुलूप. मंगळवारी वेरूळ बंद असतं, हे इथं जन्मलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. फाटकापाशी उसाचा रस पीत उभा राहिलो. रसवाल्यानं विचारलं, "भायेरून आलाव व्हय?"

मी व्हय म्हणालो. आणखी काय म्हणणार?

दिवस चौथा. गंगापूरला एसटीही जाते, पण मी काळी-पिवळी जीप पकडली. पुढं ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली तर घ्या. मागं बसलात तर एकाच बाकावर पाच जणांशी नातं जुळतं. वाळूजला कारखान्यांच्या गर्दीत अर्धा तास अडकलो, मग दोन्हीकडे ऊस आणि वेचून झालेल्या कापसाच्या पळाट्या. गंगापूरहून पुढं फाट्यापर्यंत दुसरी जीप आणि फाट्यापासून पायी. पाठीवरच्या पिशवीत शाल, क्लबचा लोकरी स्कार्फ (अडतीस डिग्रीत!) आणि तीन महिन्यांचं खोटं.

तात्या बांधावर उभे होते. धोतर, बंडी, डोक्यावर पटका. चेहरा उतरलेला. "आलाव का दादा? लई वाळलाव. तिकडं भाकर भेटत नाय व्हय?" काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याचा ठेचा वाढला. मी चार भाकरी खाल्ल्या. गुन्हेगाराला भूक लागत नाही, हे साफ खोटं आहे.

मग बाग बघायला गेलो. झाडं अशी तजेलदार, की माझ्या क्लबनं तिथं सामना ठेवला असता. एका झाडावर मोजून सात फळं होती. तात्या त्या झाडाखाली बसले.

"दादा, तुमाला येक सांगायचंय," ते म्हणाले. "दुसरा माणूस बघा बागेला."

"का?"

"मला पक्कं आठवतंय, म्या ऑटो बंद केला व्हता. पेटीला कडी घातली व्हती. पण पाणी तर सुटलं. मंग माझं डोस्कंच फिरलं म्हणायचं. आता घरातून भायेर पडलो तरी परत येऊन चूल इझवली का बघतो. आशा माणसाच्या हाती बाग देऊ नाय."

मला वाटलं होतं की मी त्यांचं नाव घालवलं. मी त्यांचा स्वतःवरचा भरवसा घालवला होता.

"तात्या, मोटर मी चालू केली. फोनवरून. तुम्ही काही विसरला नव्हता."

त्यांनी पटका काढला, तोंड पुसलं, परत बांधला. "तुमी?" एवढंच. आणि मग, "मंग त्या दिशी मला 'आसू द्या' का म्हणलाव?"

मी लगबगीनं शाल काढली. त्यांनी तिला हातही लावला नाही.

"मला सांगून काय उपेग, दादा? मला आता कळालं, माझं डोस्कं जाग्यावर हाय. बरं वाटलं. पण नाव जिथं गेलं तिथं सांगा. उद्या सकाळी फाट्यावर."

दिवस पाचवा. फाट्यावरचं चहाचं दुकान म्हणजे या भागातल्या बागायतदारांची संसद. चहावाल्या चाचांचा चहा दहा रुपये, बाकावरचा सल्ला फुकट. सकाळी आठला बाकावर सात-आठ जण बसले होते. तात्या माझ्याबरोबर आले तेव्हा "राम राम" झाला. पण बाकावर कुणी सरकलं नाही. तात्या उभेच राहिले. ते बघून मीही उभाच राहिलो.

मी सगळं सांगितलं. कॅमेरा, बटण, डिसेंबर, सगळं. बोलून झाल्यावर मी मान खाली घालून शिव्यांची वाट पाहिली.

"वा रं वा!" पांढऱ्या मिश्यांचे एक बागायतदार उद्गारले. "मालक आसावा तर आसा! गड्याची चूक आपल्या अंगावर घेतली."

"शिकलेल्या माणसाचं मनच मोठं," दुसरा म्हणाला. "चाचा, साहेबांना पेशल चहा द्या."

घ्या! चौदा वर्षांत जर्मनीत कुणी मला स्पेशल म्हटलं नव्हतं. इथं मी खोटं बोलल्यावर उदार ठरलो होतो आणि खरं बोलल्यावर महात्मा. तात्या जमिनीकडे बघत होते. कालपेक्षाही लहान दिसत होते. आता त्यांच्या नावावर चूक तर होतीच, वर मालकाचे उपकारही चढले होते.

मग मला सुचलं. स्टार्टरच्या ॲपमध्ये मोटर कुणी, कधी चालू केली याची सगळी नोंद राहते. मी फोन मिश्यावाल्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. डिसेंबरातला तो रविवार, दुपारचे चार वाजून सोळा मिनिटं, मोटर चालू. आणि पुढं माझं नाव, वडिलांच्या नावासकट.

फोन एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती फिरला.

"त्या टायमाला काय करत व्हते तुमी?" एकानं विचारलं.

"फुटबॉल बघत होतो."

"जिंकले का?"

"हरलो. चार-शून्य."

सगळ्यात आधी चाचांच्या तोंडून चहाचा फवारा उडाला, मग बाकंच्या बाकं हसायला लागली. "ताणातल्या बागंला पाणी! पिवळं दिसलं म्हणून!" "आवो, मोसंबी हाय ती, गवत न्हाई!" पुढची दहा मिनिटं माझी जी काही सालटी निघाली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. मराठवाड्यात माणसाची थट्टा मनापासून करतात. तात्या हसले नाहीत. पण मान वर होती.

माफी कुणीच मागितली नाही. तशी पद्धतच नाही. मिश्यावाले फक्त बाकावर थोडं सरकले आणि म्हणाले, "बस की लक्षमन. उभा का?" तात्या बसले. तो चहा त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. मला तेव्हा रडू येत होतं, ते मी धुरावर ढकललं.

दुपारी मी मोटरच्या पेटीशी जाऊन स्टार्टरमधून माझा नंबर काढून टाकला. तात्या शेजारी उभे राहून बघत होते. "नीट निघाला ना?" त्यांनी दोनदा विचारलं. मग त्यांनी विषय बदलला. "थंडीतला आंबिया बहार गेला. आता पावसाच्या तोंडचा मृगाचा बहार धरू. एप्रिलमंदी ताण देतो. मधी तोंड घालू नका."

परत. शाल ताईकडे आहे, तिला छान दिसते. स्कार्फ मात्र काकूंनी ठेवून घेतला, दुधाची कढई उतरवायला. कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर मार्चआधी जा, हुरडा मिळतो आणि ऊन माणसात असतं. गावी बाग असेल आणि तिथं तुमचा माणूस असेल, तर कॅमेरा लावायच्या आधी दोन वेळा विचार करा. तुमच्या माणसाला बाग दिसते. तुम्हाला फक्त चित्र दिसतं.

मे महिना उजाडला. इथं गवत वाढतंय, आमचा क्लब आणखी एका लीगनं खाली घसरला आहे. मागच्या रविवारी मी तात्यांना फोन केला, नुसती खबरबात विचारायला. उचलला नाही. पूर्वी दुसऱ्या रिंगला उचलायचे. पुन्हा केला, नाही. मनात नको ते येऊन गेलं. तासाभरानं त्यांचा मिस कॉल आला आणि मी घाईनं लावला.

"कुठं होता तात्या?"

"आवो, सकाळधरनं तीन बागा बघितल्या. ताण तोडायचा का, म्हणून नेलं व्हतं. तुमचं काय काम व्हतं?"

"काही नाही. सहज."

"मंग ठिवतो दादा. चौथ्याची गाडी आलीया न्यायला."

फोन त्यांनी ठेवला. इतकी वर्षं नेहमी मी ठेवायचो.