बहसबंदीची पाटी

माझा आवाज तेव्हा असा होता की भूमच्या मोटारस्टँडवर मी घसा खाकरला तर परांड्याच्या किल्ल्यावरची कबुतरं उडायची. शाळेत मास्तरकी करताना त्यातला चिमूटभरच वापरायचो. उरलेला सगळा स्टँडसमोरच्या अण्णांच्या हॉटेलात खर्च व्हायचा. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि आम्हाला बोलायचा सुकाळ झाला होता.

त्या दिवशी बाजार. मी बाकड्यावर उभा राहून सांगत होतो, "डोळ्यांनी पाहिलं तेवढंच खरं. ऐकीव सगळं झूट!" अर्धं हॉटेल माझ्या बाजूनं, अर्धं माझ्या जिवावर उठलेलं.

तेवढ्यात साताऱ्याकडून बदलून आलेले पोलीस जमादार आत शिरले. भिंतीवरच्या उर्दू पाटीवर काठी आपटून म्हणाले, "बहस बंद! परत आवाज आला तर हॉटेलाला कुलूप."

अण्णा किटली ठेवून धावत आले. "मास्तर, पाया पडतो, खाली उतरा."

मी उतरलो. जीभ मात्र वरच राहिली. "जमादारसाहेब, बंदी आहे हे कशावरून?"

"पाटी हाय की!"

"वाचता येती का तुम्हाला?"

"न्हाय. या हॉटेलवाल्यानं सांगितलं."

"अण्णा, तुम्ही का ठेवली मग?"

"वडलांनी निजामाच्या वक्ताला लावलेली. काढणार होतो, पण हे साहेब रोज तिच्याकडं बघून मान हलवतेत. म्हणलं, नव्या सरकारचाबी हुकूम असंल."

"वा! साहेबांचा भरवसा अण्णांवर, अण्णांचा साहेबांवर. निजाम गेला, हुकूम खिळ्याला लटकलाय!"

हॉटेल असं हसलं की पत्रे वीतभर वर उचलले. खोटं वाटलं तर पत्र्यांना विचारा.

जमादार कच्चे नव्हते. "पर नवा हुकूम न्हाईच, हे तुमाला कशावरनं ठावं?"

मला ठाऊक नव्हतं. पण गप्प बसणं आमच्या घराण्यात नाही. "ते कळायला तरी विचारावं लागंल का नाही, साहेब? तोंडाला कुलूप लावून कसं कळायचं?"

जमादारांनी पाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि काठीच्या टोकानं पाटी खिळ्यावरून उडवली. निजामाच्या काळातली धूळ सगळ्यांच्या चहात पडली. एकानंही चहा ओतून टाकला नाही. तसा चहा मी पुन्हा प्यालो नाही.

जमादारांनी टोपी काढली, बाकडं ओढलं.

"आता बोला मास्तर. ऐकीव सगळं झूट ना? मग तुमी जन्मला हे डोळ्यानं बघितलंय, का आईकडनं ऐकलंय?"

मी पुन्हा बाकड्यावर चढलो.