एक नंबर मोठे बूट

रेवा, शंतनू —

जे लिहिते आहे ते आज सकाळपर्यंत मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तुमच्या आजोबांना नाही, ते आजारी होते तेव्हाही नाही. देवासमोर बसल्यावरसुद्धा नाही — तिथं मी दुसऱ्याच चुका आठवायचे, सोयीच्या. तुम्हाला मी नीटनेटकी आजी म्हणून माहीत आहे. डब्यांवर नावं, कपाटात घड्या, बोलण्यात व्यवस्थितपणा. हेही तसंच क्रमानं सांगायचं ठरवलं होतं. पण दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा पानभर हवापाण्याचंच लिहून उठले. आता जमेल तितकं सरळ लिहिते.

तुमची आई, माझी सून सुनीता, स्केटिंग करायची हे रेवाला आठवत असेल. शंतनू, तू फार लहान होतास. रेवाला घेऊन ती संध्याकाळी रिंकवर जायची आणि बाकीच्या आयांबरोबर कट्ट्यावर बसायची. एक दिवस शिकवणारे सर तिला म्हणाले, "वहिनी, नुसतं बसून काय करताय? बांधा की पायात." आणि तिनं बांधले. दोन मुलांची आई, नवरा लष्करात, दूर सीमेवर — आणि ही साताऱ्यात चाकांवर. आपल्याकडे बर्फ कुठला? सिमेंटची रिंक आणि चार चाकांचे स्केट्स. पण गिरक्या, उड्या, एका पायावर मागे सरकत जाणं, सगळं बर्फावरच्या फिगर स्केटिंगसारखंच. वर्षभरात रेवा कंटाळली. सुनीता नाही कंटाळली.

मला ते आवडत नव्हतं. का? लोक काय म्हणतील, असं मी तेव्हा म्हणायचे. पण लोक काही वाईट म्हणत नव्हते. मंडईत शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "तुमच्या सूनबाई लय भारी पळतात हो चाकांवर! आमची सून जिना चढताना धापा टाकती." कौतुकच होतं ते. घरी येऊन मात्र मी ते टोमणा म्हणून सांगितलं. स्वयंपाकाला उशीर होतो, असंही म्हणायचे. उशीर कधीच झाला नाही.

खरं कारण इतकं लहान आहे की लिहायची लाज वाटते. एकदा मी रेवाचा स्वेटर द्यायला रिंकवर गेले. सुनीता पडली होती, सिमेंटवर बसली होती, आणि हसत होती — मान मागे टाकून, मोठ्यानं. आपल्या घरात ती तशी कधीच हसली नव्हती. मी स्वेटर कट्ट्यावर ठेवून, कुणाला न भेटता परत आले. माझ्या घरात जे नव्हतं ते तिला तिथं मिळत होतं. ते मला सहन झालं नाही. बस, एवढंच.

मग तिचे बूट गेले. सरांकडून घेतलेले जुनेच होते ते. घोट्यापाशी चामडं मोडलं होतं, पायाला आधार राहिला नव्हता. सर म्हणाले, चाकं धरणाऱ्या खालच्या पट्ट्या आणि चाकं चांगली आहेत, नुसते बूट नवे घ्या, मी बसवून देतो. पुण्याच्या दुकानातून परदेशी बूट मागवायचं ठरलं. दुकानानं नंबर कसा ठरवायचा याचा कंपनीचा कागद पाठवला. इंग्रजीत.

आपल्या घरी इंग्रजी कागद आला की माझ्याकडे यायचा. बँकेचा, विम्याचा, औषधाचा. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे इंग्रजीच शिकवलेली. सुनीता कडेगावची, मराठी शाळेतली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं असं नाही. माझ्यासमोर ती वाचायची नाही. लग्नानंतर एकदा तिनं औषधाचं नाव मोठ्यानं वाचलं होतं आणि मी पाहुण्यांदेखत हसले होते. त्यानंतर तिनं कधी वाचलं नाही. हेही माझंच.

ती कागद घेऊन आली. "आवं आई, जरा वाचून सांगता का? नंबर कसा घ्यायचा ते लिवलंय वाटतं."

मी चष्मा लावला. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं — या बुटांचा नंबर रोजच्या बुटापेक्षा लहान घ्यावा. मी तो कागद दोनदा वाचला. आणि म्हणाले, "रोजच्यापेक्षा एक नंबर मोठा घ्यावा, असं आहे."

चुकून नाही. घाईत नाही. काय वाटलं होतं मला? की बूट सैल होतील, तिला जमेनासं होईल, ती वैतागून सोडून देईल. हाड मोडावं असं मनात नव्हतं — हे वाक्य मी इतकी वर्षं स्वतःला ऐकवत आले. पण सैल बुटात उडी मारणाऱ्या बाईचं काय होईल, हा विचार करायला मला किती वेळ लागला असता?

आणि थांबायची संधी मला मिळाली होती. बूट आले. सरांचं मूळ घर सांगलीला, सुट्टीत ते तिथं असायचे आणि त्यांची हत्यारंही तिथंच होती; पट्ट्या बसवून घ्यायला आम्ही दोघी तिकडे गेलो. सोबत चला, असं तिनंच मला म्हटलं होतं. एसटीत बूट तिच्या मांडीवर होते, पांढरे, आणि ती सारखी पिशवीत हात घालून चामड्यावरून फिरवत होती. उंब्रज गेलं, कराड गेलं. मी खिडकीतून ऊस बघत बसले.

सरांनी ड्रिल मशीन काढलं, बूट पालथा धरला आणि थांबले. "वहिनी, टाच हलत न्हाई ना आत? बघा हां. एकदा का भोकं पाडली की दुकानवाला परत घ्यायचा न्हाई."

सुनीता म्हणाली, "थोडी हलतीय. पण आईंनी कागद वाचूनच सांगितलंय, सर. त्यांच्यापुढं कंपनीवाल्याचंच इंग्रजी चुकंल!" सर हसले. आणि ती माझ्याकडे बघायला लागली. हसत होती, पण विचारत होती.

मी म्हणाले, "तसंच लिहिलंय. वापरून बसतील."

सरांनी भोकं पाडली.

घरी आल्यावर मी आणखी एक केलं. तुमच्या बाबांचे लष्करातले जाड लोकरी मोजे ट्रंकेतून काढून तिला दिले, सैल वाटतात तर दोन जोड घाल म्हणून. तिचे डोळे भरून आले. स्केटिंगसाठी मी तिला काहीतरी दिलं, असं ते पहिल्यांदाच घडत होतं.

ती नाडी इतकी घट्ट आवळायची की पायावर वळ उठायचे. तरी टाच आत उचलली जायचीच. सर म्हणायचे सराव कमी पडतोय. ती म्हणायची माझं वजन वाढलंय. मला सांगायला रोज संधी होती. रोज मी चहा करत होते.

सरांनी सांगलीला ठेवलेल्या स्केटिंगच्या कार्यक्रमात ती उडी मारून उजव्या पायावर उतरली आणि पाय बुटातल्या बुटात वळला. घोटा दोन ठिकाणी मोडला. आत स्टीलची पट्टी घातली, मग जखम चिघळली, मग पुन्हा शस्त्रक्रिया. तुमची आई लंगडते ती तेव्हापासून. जमिनीवर बसता येत नाही, थंडीत पाय सुजतो. दवाखान्यात ती मला म्हणाली, "माझंच चुकलं, आई. हे काय वय हाय व्हय?" आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "तरी मी सांगत होते."

तो कागद मी फाडला नाही की लपवला नाही. गरजच पडली नाही. माझ्या शब्दावर कोण संशय घेणार होतं?

काल संध्याकाळी, रेवा, तू फोनवर आईशी बोलत होतीस. तिकडे परदेशात खऱ्या बर्फावर स्केटिंग शिकते आहेस, पहिले बूट घोट्यापाशी मोडले, आता नवे घ्यायचे आहेत, नंबर कुठला घेऊ असं विचारत होतीस. मी शेजारी मटार सोलत बसले होते. तुझी आई म्हणाली, "रोजच्या बुटापेक्षा एक नंबर मोठा घे गं. कंपनीच्या कागदावर तसंच असतंय, आजीनं मला वाचून सांगितलेलं. माझं पाऊलच वाईट पडलं, बूट चांगले होते." तू बरं म्हणालीस.

तेव्हाही मी गप्प बसले. तुम्ही फोन ठेवेपर्यंत. जेवण होऊन दिवे मालवेपर्यंत.

आज सकाळी मी तिला सांगितलं. ती स्टुलावर बसून कपडे वाळत घालत होती. सगळं सांगितलं, काही न गाळता. तिनं हातातला टॉवेल परत बादलीत टाकला. मग एकच विचारलं — "सरांच्या घरी मी तुमच्याकडं बघितलं. तवा म्हाईत होतं तुमाला?"

मी हो म्हणाले.

"रेवाला तुमीच लिवा," ती म्हणाली. "समदं लिवा." आणि उरलेले कपडे बादलीत तसेच ठेवून आत गेली. दुपारी माझं ताट वाढून झाकलेलं होतं. तिच्या खोलीचं दार बंद आहे.

म्हणून लिहिते. रेवा, बूट मागवले असशील तर खाली बर्फावरची लोखंडी पाती बसवू देऊ नकोस, परत पाठव. टाच भिंतीला टेकवून पाऊल मोज. नंबर रोजच्यापेक्षा लहानच घे. उभं राहिल्यावर बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत, आणि गुडघा वाकवला तरी टाच जागची उचलता कामा नये. मोजा एकच घाल, पातळ.

कागदावर असंच लिहिलं होतं. मला ते पहिल्याच वाचनात समजलं होतं.