बुटातली वाळू

ॲमस्टरडॅमहून आल्मेरेला घरी परतताना गाडीत माझ्यासमोर साठीच्या एक मराठी बाई बसल्या होत्या. सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. एक बूट काढून त्यांनी तो सीटच्या लोखंडी पायावर आपटला. चिमूटभर वाळू खाली पडली.

"कझाकस्तानच्या वाळवंटातली आहे. इथे लेकीकडे यायच्या आधी तिथून आगगाडीने सीमेपलीकडे ताश्कंदपर्यंत गेले, एकटीच. महिना झाला तरी निघत नाही मेली!"

माझ्या पोटात दुखलं. त्याच मार्गावरून मी कित्येक वर्षं नकाशावर बोट फिरवतेय. डच पासपोर्ट हातात आला की जायचं, असं आम्ही नवरा-बायकोने ठरवून ठेवलंय.

"आपल्या पासपोर्टवर सीमेवर त्रास झाला असेल ना?" मी विचारलं. झाला असावा, अशी माझी फार इच्छा होती.

"छे! रात्री साहेब डब्यात आला, मला उठवलं, शिक्का मारला. मी परत झोपले. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही तर परदेशातच राहता!"

आल्मेरे आलं. मी हसून "येते हं" म्हटलं आणि उतरताना मुद्दाम त्या वाळूवर पाय देऊन गेले.