तात्यांनी न रंगवलेली खुर्ची

तात्या गेल्याचं मला इंदापूरच्या बाजारात कळलं. मेथीची जुडी बघत होते, तर भाजीवाली म्हणाली, "फोटोवालं तात्या गेलं की वं!" जुडी तिथंच टाकली आणि स्टँडमागच्या त्यांच्या स्टुडिओवर आले. दाराला कुलूप. याच दारात उभी राहून मी या माणसाला तोंडाला येईल ते बोलले होते...

तात्या स्टुडिओ चालवायचे आणि बारामतीच्या एका पेपरला बातम्यांचे फोटोही पाठवायचे. हात असा, की माझी आई गेली तेव्हा तिच्या एकुलत्या एक फोटोवर त्यांनी बारीक ब्रशनं बोरमाळ काढून दिली. आईनं जन्मात सोनं घातलं नव्हतं. ती माळ बघून आम्ही रडलो आणि हसलोही.

पुढं राखीव जागेवर मी सरपंच झाले, आमच्या बौद्ध वस्तीतली पहिलीच. पहिल्या ग्रामसभेला उपसरपंच खुर्चीत, ग्रामसेवक खुर्चीत, आणि मी त्यांच्या पायाशी सतरंजीवर. वर बसा असं कुणी म्हटलं नाही, माझीही जीभ रेटली नाही. तात्यांनी नेमका तोच फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्टुडिओ गाठला. माझे वडील, आबा, माहेरी कऱ्हाटीत तो पेपर रोज वाचायचे. लेक सरपंच झाली म्हणून त्यांनी गावभर पेढे वाटले होते. त्यांनी हे बघायचं?

"तात्या, माझ्याखाली एक खुर्ची रंगवा. आईला माळ घातलीत न्हवं?"

तात्यांनी चष्मा पुसला. "ती माळ तुमच्या भितीवर हाय, सरपंचबाई. खोटी हाय ते घरात समद्यांना ठावं हाय. पेपर वाचणाराला कोण सांगणार? आन् मी खुर्ची काढली, तर गाव म्हणंल, आमी दिली की खुर्ची!"

काय काय बोलले मी! भित्रे, ढोंगी, मोठ्यांच्या ताटाखालचं मांजर... तात्यांनी चहा मागवला, तो मी प्यायले नाही. फोटो होता तसाच छापून आला. आबा दोन दिवस धड जेवले नाहीत, असं वहिनीनं सांगितलं. खरं सांगते, आबांपुरता तो राग अजून पुरता गेलेला नाही.

पण पुढच्या ग्रामसभेला मी घरची लोखंडी खुर्ची डोक्यावर घेतली आणि गावाच्या मधल्या आळीतनं गेले. कुणी हूं की चूं केलं नाही. करणार काय? पेपर सगळ्यांनी बघितला होता. खुर्ची मांडून बसले, तर समोर तात्या कॅमेरा घेऊन उभे. "आता काढतो," एवढंच म्हणाले.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेले. बायका सतरंजीवर बसल्या होत्या. तात्यांच्या मुलानं लगबगीनं खुर्ची आणली. "सरपंचबाई, तुमी वर बसा."

"असू दे रे," मी म्हटलं. "आज मला कुणी खाली बसवलेलं न्हाय."

आणि सतरंजीवर टेकले.