श्रावणातली तपासणी

विम्याच्या त्या फॉर्ममधला एकोणिसावा प्रश्न मला आजही तोंडपाठ आहे. फॉर्म इंग्रजी होता, पण त्याचा अर्थ असा: 'घरापासून पन्नास फुटांच्या आत गवत, पेंढा किंवा तसला लवकर पेट घेणारा माल साठवला जातो का?' पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. कोळवणच्या एका घरासाठी मी 'नाही'च्या चौकटीत खूण केली, आणि त्या खुणेचा राग मला इतक्या वर्षांनीही येतो. आधी कंपनीचा येतो, मग माझा.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी लातूरकडचा. पुण्यात एका विमा कंपनीच्या शाखेत नवा चिकटलो होतो आणि बावधनला एका खोलीत राहत होतो. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. माझं टेबल अंडररायटिंगचं, म्हणजे विमा द्यायचा की नाही आणि कुठल्या अटींवर द्यायचा, हे ठरवणारं. त्यासाठी घर, गोदाम, दुकान जे असेल ते आधी डोळ्यांनी पाहून यायचं असतं. नियमपुस्तकात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं.

आमच्या शाखेत मुळशी तालुक्यातली सगळी पाहणी श्रावणात व्हायची. का, तर श्रावणात तिकडे बघण्यासारखं असतं. वर्षभर अर्ज साठवून ठेवायचे आणि डोंगर हिरवे झाले, धबधबे सुरू झाले की एक जीप ठरवायची. साहेब, दोन टेबलांवरची माणसं, कधी साहेबांचे मेव्हणे. पौडच्या पुढे एका टपरीवर भजी, मग धरणाच्या पाण्यापाशी फोटो, आणि परतीच्या वाटेवर जमतील तेवढी घरं. याला कागदावर 'जोखीम तपासणी' म्हणायचे आणि भत्ता उचलायचे. मीही उचलला.

त्या वर्षी यादीतलं शेवटचं घर कोळवण खोऱ्यातलं होतं. दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, बाजूला गोठा. घरच्या बाईंनी पुढच्या दोन खोल्या नव्याने बांधायला बँकेचं कर्ज काढलं होतं आणि बँकेला आगीचा विमा हवा होता. बाई पन्नाशीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा बावधनला एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर, तो आठवड्याने घरी यायचा. भातशेती आणि चार जनावरं त्या एकट्या बघायच्या. मी त्यांना मावशी म्हटलं.

पाऊस भुरभुरत होता. साहेब जीपमधून उतरले नाहीत, बूट खराब होतील म्हणून. मी उतरलो, भिंती पाहिल्या, वायरिंग पाहिलं. अंगणाच्या कडेला, गोठ्याला लागून, चार मोठे दगड चौकोनात मांडलेले होते आणि मधोमध एक लाकडी खांब रोवलेला होता. दगडांच्या मधे गवत उगवलं होतं.

ते दगड कशाचे हे मला कळलं होतं. ही गोष्ट मी पुढे बरेच दिवस कुणाजवळ बोललो नाही, म्हणून इथे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे ज्वारीच्या कडब्याची गंज रचतात, खाली ओल लागू नये म्हणून दगडांवर लाकडं टाकून. इथे भाताच्या पेंढ्याची रचतात, तिला उडवी म्हणतात. दिवाळीत भात झोडलं की उडवी उभी राहते, जनावरं ती आषाढापर्यंत खातात, मग हिरवा चारा मिळतो आणि दगड तेवढे उरतात. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मी त्या दगडांकडे पाहिलं आणि फॉर्मकडे पाहिलं.

"एकोणीस काय टाकू, साहेब?" मी जीपपाशी जाऊन विचारलं.

"दिसतोय का कुठे पेंढा?"

"आत्ता नाही."

"मग नाही टाक. अजून चहा व्हायचाय आपला."

मी टाकलं. मावशींना यातलं एक अक्षरही कुणी विचारलं नाही. त्यांनी गवती चहा घातलेला चहा दिला, जीपमध्ये साहेबांना नेऊन दिला, आणि मी बोट ठेवलं तिथे मराठीत सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. अक्षर मोठं आणि सरळ होतं.

माघात आग लागली. सकाळची वेळ, अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. वारा सुटला, ठिणगी उडवीत गेली, उडवीवरून गोठ्याच्या छपरावर आणि तिथून घरावर. जनावरं बाहेर होती म्हणून वाचली. घराचे वासे जळाले, कौलं फुटून खाली आली, कणगीतलं भात करपलं. उघड्या भिंती उरल्या. मृगाच्या आधी छप्पर घालायचं होतं, आणि ते विम्याच्या पैशांतूनच घातलं जाणार होतं. दुसरा मार्ग नव्हता.

नुकसान मोजायला जे सर्व्हेअर गेले त्यांच्याबरोबर मला पाठवलं, कारण घर मी पाहिलेलं होतं. सर्व्हेअर सरळ माणूस. त्याने टेप लावली, जळके वासे मोजले, आग अपघाताने लागली असं लिहिलं. उडवीच्या जागी काळं वर्तुळ होतं. दगड तडकले होते. मी तिकडे फारसं पाहत नव्हतो.

मावशी अंगणात बाजेवर बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "तुमीच आला व्हता न्हवं पावसात? बरं झालं, तुमास्नी घर ठावं हाय. कसं व्हतं ते सांगा त्यास्नी."

आठ दिवसांत फाईल आमच्या टेबलावर परत आली. दावे बघणाऱ्या साहेबांनी लाल पेनाने एकोणिसाव्या प्रश्नाभोवती गोल केला होता. पेंढा होता, तरी फॉर्ममध्ये 'नाही' लिहिलं. म्हणजे माहिती दडवली. म्हणजे दावा नामंजूर. विमा देताना जे घर बघायला यांना बुटांची काळजी होती, त्या घराची राख झाल्यावर मात्र यांची नजर एवढी तीक्ष्ण झाली की पन्नास फुटांतली काडी न् काडी दिसायला लागली. हप्ता घेताना शंका आली नाही. पॉलिसी छापताना आली नाही. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा अंडररायटिंग सुरू झालं. याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही.

आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर एक टाईप केलेला कागद ठेवला. 'पाहणीच्या वेळी मालकिणीस विचारले असता पेंढा साठवत नसल्याचे तिने सांगितले.' खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी.

"मी विचारलं नव्हतं, साहेब."

"आठवतंय का तुला नक्की?"

"तुम्हीही होतात की."

"मी जीपमध्ये होतो," ते शांतपणे म्हणाले. "हे बघ, तुझी फाईलही वर जायची आहे पुढच्या महिन्यात. कायम व्हायचंय ना?"

मी त्या कागदावर सही केली नाही, हे खरं. पण मी काय केलं ते ऐका. मी वेगळा कागद घेतला आणि लिहिलं, 'पाहणीच्या दिवशी आवारात पेंढा आढळला नाही.' खोटं काही नव्हतं. माझ्यावरही काही येत नव्हतं. दगड नाहीत, खांब नाही, न विचारलेला प्रश्न नाही. एवढं बेतून लिहिलेलं वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही. साहेब ते वाचून हसले आणि म्हणाले, चालेल. चालणारच होतं. पाहणीला पेंढा नव्हता, म्हणजे नंतर आणून ठेवला, म्हणजे जोखीम वाढवली आणि कळवलं नाही. माझ्या वाक्याने दावा आणखी पक्का बुडाला.

चैत्रात मावशी ऑफिसात आल्या. सकाळच्या पहिल्या एसटीने निघून, स्वारगेटहून चालत. दावा अडलाय एवढंच त्यांना मुलाकडून कळलं होतं. बाहेरच्या बाकावर अडीच तास बसवून ठेवलं त्यांना. शेवटी शिपाई मला म्हणाला, तुमच्याकडेच पाठवतो त्यांना, तुमचीच पाहणी आहे.

मी त्यांना प्रश्न मराठीत वाचून दाखवला. उत्तरही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "श्रावणात आला व्हता तुमी. श्रावणात कुनाच्या दारात उडवी आसती?"

"नसते."

"मग मला इचारायचं की. दिवाळीला या म्हनले असते, ढीगभर हाय म्हनले असते. जनावरं हायेत तर पेंढा आसनारच. लपवून ठिवायचा काय तो? कुटं लपवायचा?"

"मावशी, माझं चुकलं."

"ते दगड बगितलं न्हवतं तुमी?"

बघितले होते. मी तशी मान हलवली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पदर सारखा करून उठल्या आणि विचारलं, कोळवणची गाडी आता किती वाजता. त्यांचे पाय सुजलेले होते. त्या चालत परत स्वारगेटला जाणार होत्या, कारण माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला चार दगडांचं नाव एका कागदावर लिहिता आलं नव्हतं. माझ्या कानशिलात कुणीतरी मारायला हवी होती, आणि तिथे मारणारं कुणी नव्हतं.

त्याच दुपारी मी दुसरा कागद लिहिला. उडवीचे दगड आणि खांब मला पाहणीच्या वेळी दिसले होते. त्यांचा उपयोग मला ठाऊक होता. मालकिणीला प्रश्न विचारला गेला नाही. 'नाही' ही खूण मी वरिष्ठांच्या सांगण्यावरून केली. वरिष्ठ त्या वेळी जीपमध्ये बसलेले होते. आवक विभागात देऊन तारखेचा शिक्का मारून घेतला आणि एक प्रत थेट विभागीय कार्यालयात पाठवली. साहेबांना हे चार दिवसांनी कळलं. त्यांनी केबिनचं दार लावून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मलाही आवाज होता, आणि मी तो त्या दिवशी वापरला. बाहेरचे टाईपरायटर थांबले होते.

दावा मंजूर झाला. बरीच काटछाट करून, मृगाला दहा दिवस उरले असताना. कौलं परवडली नाहीत म्हणून मावशींनी पत्रे टाकले. माझी कायम होण्याची फाईल एक वर्ष मागे पडली. साहेबांचं काहीच झालं नाही.

पुढच्या श्रावणात पॉलिसीचं नूतनीकरण आलं. मी जीपमधून गेलो नाही, रजा टाकून एसटीने गेलो. एकोणिसावा प्रश्न वाचून दाखवला. अंगण मोकळं होतं, तडकलेल्या दगडांच्या जागी नवे आणलेले होते. मावशी म्हणाल्या, "लिवा, व्हय." मी लिहिलं. महिन्याभरात आमच्याच ऑफिसातून पत्र गेलं की सदर जोखीम स्वीकारता येत नाही. खोऱ्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात जी उडवी असते, ती एका घराने कबूल केली म्हणून फक्त त्या घराला विमा नाही.

पत्र पोचल्यावर मी पुन्हा गेलो, तोंड दाखवायला. मावशींनी ते पत्र डब्यात घडी करून ठेवलं होतं. सोबत आणखी एक कागद होता. बँकेने घाई लावली म्हणून दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचा एजंट येऊन गेला होता.

"ह्यो बी पावसातच आला," त्या म्हणाल्या. "बसला बी न्हाई. सही करून ठिवा म्हनला, सोमवारी नेतो. वाचा बरं काय लिवलंय."

फॉर्म भरलेला होता. प्रश्नाचा आकडा वेगळा होता, प्रश्न तोच. खूण 'नाही'वर होती. मी तसं सांगितलं. हेही सांगितलं की खोडून 'होय' केलं तर हेही देणार नाहीत बहुतेक, आणि बँक गप्प बसणार नाही. मला वाटलं, त्या म्हणतील राहू द्या. मीही तेवढ्यावर गप्प बसलो असतो, इतका मी दमलो होतो.

त्यांनी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं. खुणेवर काट मारली. त्यांना जे लिहायचं होतं ते चौकटीत मावत नव्हतं, म्हणून कडेच्या कोऱ्या जागेत, त्या मोठ्या सरळ अक्षरात, कागद मांडीवर धरून लिहिलं: 'पेंढा आसतो. दिवाळी ते आशाड. येऊन बगा.' मग खाली सही केली.

पौडला जाऊन मी त्या पानाच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक त्यांच्या डब्यात आहे, एक माझ्याकडे. सोमवारी एजंट फॉर्म घेऊन गेला आणि पंधरा दिवसांत पॉलिसी आली, एकही प्रश्न न विचारता. बघायला कुणी आलं नाही.