करडीतला अकरावा कोअर

नागपूरहून भंडारा आणि तिथून दुसऱ्या एसटीने करडीला पोहोचलो, तेव्हा अकरा वाजले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याने भरलेल्या बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं). मी पुण्यात संगणकरचना शिकवतो. इथे मी एका मुलीची चूक दाखवायला आलो होतो.

महिन्यापूर्वी एका ऑनलाइन परिषदेत या मुलीने, संघमित्राने, निबंध वाचला होता: काही प्रोसेसर, म्हणजे संगणकात प्रत्यक्ष गणित करणाऱ्या चिप, गुपचूप चुकीची उत्तरं देतात. अध्यक्ष मी. "प्रोसेसर चुकत नसतो, तुमचा प्रोग्रॅम तपासा," म्हणून मी तिला अर्ध्यातच थांबवलं. लोक हसले. नंतर तिची एका ओळीची मेल आली: "सर, एकदा येऊन पाहा."

ती आणि तिचे वडील, निवृत्त पोस्टमन, दारातच उभे होते. आधी जेवण झालं: भात आणि बोडीतल्या (छोट्या तळ्यातल्या) मासोळ्यांचा झणझणीत रस्सा. मग तिने मागच्या खोलीतला जुना सर्व्हर सुरू केला. एकच गुणाकार, पुन्हा पुन्हा. प्रोसेसरमधले सगळे कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारे भाग, बरोबर उत्तर देत होते. मी उठू लागलो.

"थांबा सर, त्याले गरम तं होऊ द्या," वडील म्हणाले.

पंखे घोंघावू लागले आणि अकराव्या कोअरचं उत्तर बदललं. इशारा नाही, बिघाडाचा संदेश नाही. मी स्वतः पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहून चालवला. पुन्हा अकरावाच चुकला.

"मंग सर, आतापर्यंत असं कितीक वेळा झालं असन?" वडिलांनी विचारलं.

"चिपमधले भाग बारीक बारीक होऊन राहिले, सर. एखादा कच्चा निघणारच," संघमित्रा म्हणाली. "सगळे वेगावर भांडतात. मी म्हणते, महत्त्वाचं गणित दोन कोअरवर करून ताडून पाहा."

"दुप्पट वीज लागेल," मी सवयीने म्हणालो.

"आणि चुकलेलं उत्तर खरं धरलं तर?"

मी माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "मले एकटीले नका सांगू, सर. सगळ्यांसमोर सांगा."

पुण्याला परतल्यावर परिषदेतल्या सगळ्यांना मी चुकल्याचं कळवलं. मग तिची चाचणी आमच्या प्रयोगशाळेत लावली. दुपारपर्यंत एका यंत्राने आकडा बदलला. काही वर्षांपूर्वी माधुरी नावाची विद्यार्थिनी याच यंत्रावर काम करायची. तिची उत्तरं जुळत नव्हती. निष्काळजी म्हणून मी तिचा प्रबंध परत केला होता. तिचा प्रोग्रॅम शोधून दुसऱ्या यंत्रावर चालवला. सगळं जुळलं.

वीस वर्षं मी शंका फक्त माणसांवर घेतली होती. एका दिवसाच्या प्रवासाने मला एवढंच दाखवलं, आणि ते फार उशिरा.

माधुरीचा नंबर मिळवून फोन केला. "माधुरी, तुझा प्रोग्रॅम बरोबर होता."



"सर," ती म्हणाली, "मी तर तेव्हाच हे क्षेत्र सोडलं."